डिलिव्हरी नोट सबमिट झाली की सर्व्हिस भेटींच्या नोंदी आपोआप: फ्रॅपेचं हुक कुठे लावायचं आणि कसं

प्रश्न असा आहे. पुण्यातली एक फर्म टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांना वॉटर सॉफ्टनर आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांना एअर कंप्रेसर विकते. कामकाज ईआरपीनेक्स्टवर आहे, म्हणजे फ्रॅपे या फ्रेमवर्कवर बांधलेल्या धंद्याच्या सॉफ्टवेअरवर. मशिन पोचलं, म्हणजे डिलिव्हरी नोट (माल पाठवल्याचं चलन) सबमिट झाली, की पुढच्या वर्षभरात दर तीन महिन्यांनी एक अशा चार सर्व्हिस भेटींच्या नोंदी आपोआप तयार व्हायला हव्यात. त्यासाठी 'सेवा भेट' नावाचा स्वतःचा डॉकटाइप (नोंदीचा प्रकार) केला आणि हुक्सच्या फाइलमध्ये डिलिव्हरी नोटच्या 'ऑन अपडेट' या इव्हेंटला फंक्शन जोडलं; अशा जोडणीलाच हुक म्हणतात. आता काही नोटांवर चाराऐवजी बारा भेटी दिसतात. गोडाऊनमधल्या माणसाने नोट सबमिट केली की परवानगी नसल्याची एरर येते. नोट रद्द केली तरी भेटी तशाच राहतात. आणि मागच्या वर्षीच्या डिलिव्हऱ्या इंपोर्ट करताना ग्राहकांना भलत्याच तारखांचे एसएमएस गेले.

चार तक्रारी वेगळ्या दिसतात, पण गैरसमज एकच आहे. हुक नोंद तयार करत नाही. अमुक घडलं एवढंच ते तुमच्या फंक्शनला कळवतं. तीच गोष्ट ते दोनदा कळवू शकतं, अर्धवट अवस्थेत कळवू शकतं, भलत्या युजरच्या नावाने कळवू शकतं. नोंद करायची की नाही हे फंक्शनने ठरवायचं असतं, आणि ते दहा वेळा चालवलं तरी भेटी चारच राहतील असं लिहायचं असतं. पुढचं सगळं यासाठीच आहे. इव्हेंटची आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत सुटी लिहिली आहेत. कोडमध्ये ती अंडरस्कोर घालून जोडायची हे तुम्हाला माहीत आहेच.

आधी एक आडवा प्रश्न. ईआरपीनेक्स्टमध्ये 'मेंटेनन्स शेड्यूल' नावाचा तयार डॉकटाइप आहे. आयटम, सुरुवातीची तारीख, तिमाही किंवा सहामाही आवर्तन आणि भेटींची संख्या दिली की तो तारखा काढून देतो. महिन्याला पाच-सहाच मशिनं जात असतील तर एका माणसाने बटण दाबून हे शेड्यूल करावं, कोड लिहूच नये. हुकचा कोड एकदा लिहिला की प्रत्येक व्हर्जन अपग्रेडला तो तपासावा लागतो, आणि तो खर्च कुणी कोटेशनमध्ये धरत नाही. मशिनं बरीच असतील, प्रत्येक भेटीला वेगळा टेक्निशियन, वेगळा परिसर, वेगळी स्थिती हवी असेल, तर मात्र स्वतःचा डॉकटाइप आणि हुक हाच रस्ता.

कोणता क्षण पकडायचा

नवीन दस्तऐवज पहिल्यांदा सेव्ह होतो तेव्हा क्रम असा असतो: 'बिफोर इन्सर्ट', मग नाव ठरतं, मग 'बिफोर व्हॅलिडेट', 'व्हॅलिडेट', 'बिफोर सेव्ह', त्यानंतर प्रत्यक्ष डेटाबेसमध्ये ओळ पडते, मग 'आफ्टर इन्सर्ट', 'ऑन अपडेट' आणि शेवटी 'ऑन चेंज'. नंतरच्या प्रत्येक सेव्हला इन्सर्टची दोन्ही पावलं गळतात, बाकीची राहतात. सबमिटच्या वेळी 'बिफोर सेव्ह'च्या जागी 'बिफोर सबमिट' येतं, आणि डेटाबेसमध्ये लिहून झाल्यावर आधी 'ऑन अपडेट', मग 'ऑन सबमिट' चालतं.

बारा भेटींचं गणित इथेच सुटतं. कारकुनाने ड्राफ्ट सेव्ह केला, मग टेम्पोचा नंबर घालून पुन्हा सेव्ह केला, मग सबमिट केलं. 'ऑन अपडेट' तीन वेळा चाललं, तीन चोक बारा. ज्याने थेट एकदा सेव्ह करून सबमिट केलं त्याच्या आठ झाल्या असतील. सबमिट झालेल्या एकाही नोटेवर बरोबर चार आल्या नसणार, कारण सबमिट होण्याआधी निदान एक सेव्ह होतोच.

'व्हॅलिडेट'मध्ये हलवलं तर दुसरंच दुखणं. पहिल्या सेव्हच्या वेळी तिथे नोटेला नाव मिळालेलं असतं, पण डेटाबेसमध्ये ती अजून पडलेली नसते. भेटीत डिलिव्हरी नोटचं लिंक फील्ड असेल तर फ्रॅपे ते नाव शोधतं, सापडत नाही, आणि अशी नोट अस्तित्वात नाही म्हणून थांबतं. मग लोक लिंक तपासणी बंद करणारा फ्लॅग लावतात. एरर जाते, पण प्रत्येक सेव्हला नवीन भेटी होणं तसंच राहतं. 'व्हॅलिडेट' तपासण्यासाठी आहे. तिथे दुसरा दस्तऐवज तयार करू नका, एवढं कायमचं ठरवून टाका.

'ऑन चेंज'च्याही नादी लागू नका. सेव्ह न करता एखादं फील्ड 'डीबी सेट'ने बदललं तरी ते चालतं, त्यामुळे ते कधी उडेल हे कोड वाचून सांगता येत नाही.

तुमच्यासाठी जागा 'ऑन सबमिट'. मशिन गेलं ही गोष्ट तिथे खरी होते. शिवाय फ्रॅपे आधी त्या डॉकटाइपचं स्वतःचं 'ऑन सबमिट' चालवतं, मग हुक्समधली फंक्शन्स, ॲप ज्या क्रमाने इन्स्टॉल केले त्या क्रमाने. म्हणजे तुमच्या फंक्शनचा नंबर येईपर्यंत ईआरपीनेक्स्टने स्टॉक लेजरच्या नोंदी टाकलेल्या असतात. स्टॉक कमी पडून नोट अडणार असेल तर ती आधीच अडते. सबमिट न होणाऱ्या डॉकटाइपवर, उदाहरणार्थ नवीन ग्राहक आल्यावर पहिल्या फोनची नोंद करायची असेल तर, 'आफ्टर इन्सर्ट' वापरा. ते दस्तऐवजाच्या आयुष्यात एकदाच चालतं.

एखादं फील्ड बदलल्यावरच नोंद हवी असेल, जसं स्थिती 'प्रलंबित'वरून 'मंजूर' झाली की, तर 'ऑन अपडेट' टाळता येत नाही. तिथे 'हॅज व्हॅल्यू चेंज्ड'ने त्या फील्डची आधीची आणि आताची किंमत तपासा. नुसतं 'स्थिती मंजूर आहे का' एवढंच विचारलंत तर मंजूर झाल्यानंतरचा प्रत्येक सेव्ह नवी नोंद करेल.

चाइल्ड टेबलच्या (नोटेतल्या ओळींच्या) डॉकटाइपला हुक लावण्याचा मोह होतो, कारण भेटी प्रत्येक आयटमच्या ओळीला करायच्या असतात. तिथे हुक लागत नाही. मूळ दस्तऐवज सेव्ह होताना ओळी थेट डेटाबेसमध्ये लिहिल्या जातात, त्यांचं स्वतःचं 'व्हॅलिडेट' किंवा 'ऑन अपडेट' चालत नाही. हुक डिलिव्हरी नोटला लावा आणि आत ओळींवरून फिरा.

हुक्सच्या फाइलमध्ये काय चुकतं

'डॉक इव्हेंट्स' ही एक डिक्शनरी. बाहेरची की (key) म्हणजे डॉकटाइपचं नाव, आतली की म्हणजे इव्हेंटचं नाव, आणि किंमत म्हणजे फंक्शनचा टिंब घालून लिहिलेला पूर्ण पत्ता: ॲप, मोड्यूल, फाइल, फंक्शन. फंक्शनला दोन आर्ग्युमेंट मिळतात, दस्तऐवज आणि इव्हेंटचं नाव. दुसरं वापरणार नसलात तरी घ्यावंच लागतं.

फंक्शनचा पत्ता चुकला तर बोंब लगेच होते: नोट सबमिटच होत नाही. पण डॉकटाइपचं नाव किंवा इव्हेंटचं नाव चुकलं तर काहीच होत नाही. एरर नाही, लॉग नाही. त्या नावाची हाक कुणी मारतच नाही, म्हणून फंक्शन गप्प बसून राहतं. याहून फसवा प्रकार म्हणजे त्याच डिक्शनरीत 'डिलिव्हरी नोट' ही की दोनदा लिहिणं, किंवा फाइलच्या वरच्या आणि खालच्या भागात 'डॉक इव्हेंट्स' दोनदा लिहिणं. पायथन तक्रार करत नाही, शेवटचं ठेवतो आणि आधीचं फेकतो. दोन जणांनी दोन ब्रँचमध्ये काम करून मर्ज केलं की हे हमखास होतं, आणि महिनाभर चाललेलं हुक एक दिवस बंद पडतं.

फाइल बदलल्यावर प्रॉडक्शनवर 'बेंच रीस्टार्ट' हवंच. हुक्सची यादी रेडिस या मेमरीतल्या साठ्यात कॅश होते आणि चालू वर्कर (कामं करणाऱ्या प्रोसेस) जुनाच कोड धरून बसतात. म्हणून 'क्लिअर कॅश'सुद्धा करा. झालं की कन्सोल उघडून 'गेट हुक्स'ला 'डॉक इव्हेंट्स' द्या आणि तुमचं फंक्शन डिलिव्हरी नोटच्या खाली दिसतंय का ते डोळ्यांनी पाहा. दहा सेकंदांचं काम आहे.

सर्व्हर स्क्रिप्टमधूनही हेच करता येतं, ॲप न बनवता. १५ व्या आवृत्तीपासून ती सोय मुळात बंद असते, कॉन्फिगमध्ये चालू करावी लागते. एखाद्या फील्डची किंमत भरायला ठीक. पण चार-चार नोंदी तयार करणारा, रद्द करताना आवरणारा कोड डेटाबेसमधल्या एका टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवू नये. कोणी कधी बदलला हे गिटमध्ये दिसलं पाहिजे.

फंक्शनच्या आत

हुकला जोडलेलं फंक्शन तीन-चार ओळींचं ठेवा. त्याने एवढंच ठरवायचं की या नोटेला भेटी लागू आहेत का, आणि असतील तर 'नोटेच्या भेटी तयार करा' या वेगळ्या फंक्शनला नोटेचं नाव द्यायचं. खरं काम त्या दुसऱ्यात. तेच फंक्शन मग रात्रीच्या जॉबमधून, कन्सोलमधून, किंवा 'राहिलेल्या भेटी तयार करा' अशा बटणातून चालवता येतं.

कुठल्या नोटा गाळायच्या? पहिली गोष्ट परताव्याची. ग्राहकाने मशिन परत केलं की ईआरपीनेक्स्टमध्ये तीही डिलिव्हरी नोटच असते, 'इज रिटर्न' खूण केलेली आणि संख्या उणे. ती सबमिट झाली की तुमचं हुक तितक्याच उत्साहाने चालतं. बहुतेक कोडमध्ये ही तपासणी नसते आणि पहिला परतावा येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. उलट, परताव्याच्या नोटेवर मूळ नोटेचं नाव असतं. त्यावरून त्या मशिनच्या उरलेल्या भेटी रद्द करायला हव्यात.

दुसरी, आयटमची. त्याच नोटेवर रेझिनची पोती, फिल्टर काडतुसं, कंप्रेसरचं तेलही असतं. आयटम ग्रुपचं नाव कोडमध्ये लिहून गाळू नका. उद्या कुणी ग्रुपचं नाव बदलेल. आयटमवर दोन कस्टम फील्ड ठेवा: किती भेटी आणि किती महिन्यांच्या अंतराने. भेटी शून्य म्हणजे लागू नाही. एखाद्या कंप्रेसरला दर दोन महिन्यांनी सहा भेटी द्यायचं ठरलं तर कोडला हात लावावा लागत नाही.

तिसरी, बंडलची. सॉफ्टनर, टाकी आणि पंप मिळून 'प्रॉडक्ट बंडल' विकत असाल तर मुख्य ओळीत बंडलचं नाव असतं आणि खरी मशिनं 'पॅक्ड आयटम्स' या वेगळ्या टेबलात. नुसत्या मुख्य ओळींवरून फिरलात तर बंडलमधल्या मशिनला एकही भेट मिळणार नाही.

संख्या फ्लोट म्हणून येते, ३ नव्हे ३.०, लूपला देण्याआधी पूर्णांक करा. सिरियल नंबर असलेल्या आयटमला प्रत्येक नंबरामागे वेगळा संच करा. १४ व्या आवृत्तीपर्यंत ओळीतल्या सिरियल फील्डमध्ये एका ओळीत एक असे नंबर लिहिलेले असतात. १५ पासून ते 'सिरियल अँड बॅच बंडल' नावाच्या वेगळ्या दस्तऐवजात असू शकतात आणि ओळीतलं फील्ड रिकामं. अपग्रेडनंतर भेटी व्हायच्या बंद झाल्या तर आधी हेच पाहा.

तारखा. पाया म्हणून नोटेची पोस्टिंग डेट घ्या, आजची तारीख नको. शनिवारी गेलेल्या मालाची नोट सोमवारी मागची तारीख टाकून होते, आणि भेटी त्या शनिवारपासून मोजायच्या असतात. दुसरं, प्रत्येक भेट मूळ तारखेपासून मोजा, आधीच्या भेटीपासून नव्हे. ३१ ऑगस्टला मशिन गेलं. 'ॲड मंथ्स'ने तीन महिने मिळवले की ३० नोव्हेंबर, कारण नोव्हेंबरला ३१ नाही. त्यात तीन मिळवले की २८ फेब्रुवारी, त्यात तीन मिळवले की २८ मे. मूळ तारखेत थेट नऊ महिने मिळवलेत तर ३१ मे येते, आणि वॉरंटी कार्डावर तीच छापलेली असते. रविवार, गणेश विसर्जनाचा दिवस, किंवा भोसरी-चाकणकडच्या पुष्कळ कारखान्यांची गुरुवारची सुट्टी हे सगळं या फंक्शनमध्ये कोंबू नका. इथे देय तारीख लिहा. प्रत्यक्ष भेट कधी, हे टेक्निशियनचं वेळापत्रक लावताना सुट्ट्यांच्या यादीवरून ठरू द्या.

आता दुप्पट नोंदींचा खरा बंदोबस्त. 'ऑन सबमिट'मध्ये हलवल्यावर बारा होणार नाहीत, पण बॅकग्राउंड जॉब पुन्हा चालला, कुणी बटण दोनदा दाबलं, रात्रीचा जॉब आणि हुक एकाच वेळी पोचले, तर आठ होऊ शकतात. 'आधीच आहे का' असं विचारून मग तयार करणं अपुरं आहे, कारण विचारणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणात दुसरी प्रोसेस लिहून जाऊ शकते. म्हणून भेटीच्या डॉकटाइपमध्ये एक डेटा फील्ड ठेवा, युनिक खूण करून. त्यात नोटेतल्या ओळीचं नाव, सिरियल नंबर किंवा मशिनचा अनुक्रम, आणि भेटीचा क्रमांक हे जोडून लिहा; हीच भेटीची युनिक की. ओळीचं नाव फ्रॅपे स्वतः देतं आणि ते वेगळं असतं, त्यामुळे एकच आयटम दोन ओळींत असला तरी गल्लत होत नाही. या फील्डची मर्यादा १४० अक्षरांची आहे, एवढं ध्यानात ठेवा; ग्राहकाचं लांबलचक नाव त्यात घालू नका. युनिक खुणेमुळे मारियाडीबी या डेटाबेसमध्ये खराखुरा इंडेक्स बनतो. 'आहे का' हे तरीही आधी विचारा, त्यामुळे बहुतेक वेळा शांतपणे पुढे जाता येतं. जे निसटेल ते डेटाबेस अडवेल. आधीच दुप्पट नोंदी असतील तर इंडेक्स बनणार नाही, म्हणून त्या आधी साफ करा.

परवानगी

गोडाऊनच्या युजरला सेवा भेटीवर 'क्रिएट'चा हक्क नाही, आणि देऊही नये. हुक त्याच युजरच्या सेशनमध्ये चालतं, म्हणून एरर. इन्सर्ट करताना 'इग्नोर परमिशन्स' द्या. नोंदीचा मालक म्हणून त्याचंच नाव राहील, आणि ते योग्यच आहे: कुणाच्या सबमिटमुळे भेटी झाल्या ते कळतं.

'सेट युजर'ने मधेच ॲडमिनिस्ट्रेटर होण्याचा तोडगा मात्र वापरू नका. मधे एरर आली आणि युजर परत बदलला गेला नाही तर त्या रिक्वेस्टमधलं पुढचं सगळं काम ॲडमिनिस्ट्रेटरच्या नावाने होतं. आणखी एक बारकावा: 'गेट लिस्ट' चालू युजरच्या परवानग्या लावून यादी देतं, 'गेट ऑल' लावत नाही. आधीच्या भेटी शोधायला 'गेट लिस्ट' वापरलंत आणि गोडाऊनच्या युजरला वाचायचाही हक्क नसेल तर पुन्हा परवानगीची एरर येईल; हक्क मर्यादित असेल तर काही भेटी दिसणार नाहीत, आणि तुमचा कोड त्या नाहीत असं समजून पुन्हा करायला जाईल.

'इग्नोर मँडेटरी' मात्र लावू नका. परिसर किंवा ग्राहकाचा फोन नसलेली भेट झाली तर ती कुणाच्याच यादीत येत नाही. फील्ड आवश्यक नसेल तर डॉकटाइपमधून खूण काढा. आवश्यक असेल तर भरा.

एरर आली तर नोट अडवायची का

हा तांत्रिक प्रश्न नाही, मालकाला विचारायचा प्रश्न आहे. फ्रॅपेमध्ये एक वेब रिक्वेस्ट म्हणजे एक ट्रान्झॅक्शन. शेवटपर्यंत नीट गेलं तर कमिट, मधे न पकडलेली एरर आली तर सगळं मागे. म्हणजे तिसरी भेट तयार करताना एरर आली तर पहिल्या दोन भेटी, स्टॉक लेजर आणि नोटेचं सबमिट, सगळं परत फिरतं. डेटा स्वच्छ राहतो. पण दारात टेम्पो उभा आहे, आणि टेक्निशियनच्या कुठल्यातरी फील्डमुळे चलन निघत नाही.

याच ठिकाणी दोन मोठ्या चुका होतात. एक, हुकमध्ये स्वतः कमिट करणं. तसं केलंत की त्या क्षणापर्यंतचं सगळं पक्कं होतं, आणि त्यानंतर दुसऱ्या ॲपच्या हुकने एरर दिली तर मागे फिरायला काही उरत नाही. स्क्रीनवर एरर, पण नोट सबमिट झालेली. हुकमध्ये कमिट लिहायचं नाही, याला अपवाद नाही.

दुसरी, एरर पकडून गिळणं. ट्राय-एक्सेप्ट लावलं, तिसऱ्या भेटीला एरर आली, ती पकडली, पुढे गेलात. पहिल्या दोन भेटी मागे गेल्या नाहीत. रिक्वेस्टच्या शेवटी त्या नोटेबरोबर पक्क्या झाल्या. ग्राहकाला वर्षात दोनच भेटी. एरर पकडायचीच असेल तर भेटींच्या आधी सेव्हपॉइंट (डेटाबेसमध्ये मागे फिरण्याची खूण) घ्या, एरर आली की तिथपर्यंत मागे या, मग 'लॉग एरर'ने एरर लॉगमध्ये नोटेच्या नावासकट लिहा. लॉग लिहिणं मागे आल्यानंतर करा, नाहीतर तोही पुसला जाऊ शकतो. आणि 'थ्रो'ने दिलेला संदेश एरर पकडली तरी युजरच्या स्क्रीनवर उमटतो, कारण तो आधीच यादीत पडलेला असतो. तो साफ करायला विसरू नका, नाहीतर कारकून नोट झालेली असूनही पुन्हा करायला बसेल.

तुमच्या धंद्यात माझं मत: भेटींसाठी नोट अडवू नये. माल जाणं महत्त्वाचं, पहिली भेट तीन महिन्यांनी आहे. पण मग राहिलेलं भरून काढणारा रात्रीचा जॉब हवाच. 'शेड्यूलर इव्हेंट्स'मध्ये रोजचं एक फंक्शन: मागच्या सात दिवसांत सबमिट झालेल्या, परतावा नसलेल्या, मशिन असलेल्या नोटा घ्या आणि प्रत्येकीसाठी तेच 'भेटी तयार करा' फंक्शन चालवा. युनिक की असल्याने झालेल्या पुन्हा होणार नाहीत, राहिलेल्या होतील. हा जॉब नसेल तर एरर पकडूच नका, नोट अडू द्या.

रांगेत कधी टाकायचं

एका सोसायटीला एक सॉफ्टनर, चार भेटी: जागेवरच करा, सेकंदही लागत नाही. पण बिल्डरला एकाच नोटेवर पन्नास मशिनं गेली तर दोनशे नोंदी, आणि प्रत्येक इन्सर्ट पूर्ण चक्रातून जातो, नोटिफिकेशन, असाइनमेंट रूल, वेबहुक सगळं तपासत. बेंचच्या नेहमीच्या मांडणीत वेब रिक्वेस्टला १२० सेकंद मिळतात. वीस-तीस नोंदींच्या वर गेलं की 'एन्क्यू' करा, म्हणजे काम बॅकग्राउंडच्या रांगेत टाका.

त्यात 'एन्क्यू आफ्टर कमिट' चालू ठेवणं अत्यावश्यक. नाहीतर वर्कर लगेच जॉब उचलतो, तेव्हा तुमची रिक्वेस्ट कमिट झालेली नसते, त्याला नोट अजून ड्राफ्ट दिसते आणि तो काही न करता बाहेर पडतो. सर्व्हरवर काम कमी असेल तेव्हाच हे जास्त घडतं, कारण वर्कर मोकळा असतो. जॉबला पूर्ण दस्तऐवज देऊ नका, फक्त नाव द्या, आणि आत पहिली तपासणी करा की नोट अजून सबमिट अवस्थेत आहे. मधल्या वेळेत ती रद्द झाली असू शकते. शॉर्ट आणि डीफॉल्ट रांगेला ३०० सेकंद मिळतात, लाँगला १५००.

रद्द, दुरुस्ती, इंपोर्ट

'ऑन सबमिट'ला काही तयार केलंत की त्याच दिवशी 'ऑन कॅन्सल' लिहा. नंतर लिहू म्हणणारे लिहीत नाहीत. न झालेल्या भेटींची स्थिती 'रद्द' करा. डिलीट करू नका, कारण टेक्निशियनच्या मोबाइलवर ती यादी गेलेली असू शकते. एखादी भेट पूर्ण झालेली असेल तर 'बिफोर कॅन्सल'मध्ये नोट रद्द होणंच अडवा आणि कोणत्या भेटीमुळे ते संदेशात लिहा. सेवा भेट हा डॉकटाइपही सबमिट होणारा असेल, तर फ्रॅपे 'ऑन कॅन्सल' संपल्यावर जोडलेले सबमिट झालेले दस्तऐवज शोधतं आणि सापडले की स्वतःच अडवतं.

रद्द केलेली नोट दुरुस्त करून पुन्हा केली की तिला नवं नाव आणि ओळींना नवी नावं मिळतात, म्हणून युनिक की बदलते आणि नव्या भेटी होतात. हे बरोबरच आहे. पण नोटेच्या ओळीवर 'भेटी झाल्या' अशी खूण ठेवली असेल तर ती दुरुस्तीत जशीच्या तशी कॉपी होते आणि नव्या नोटेला भेटी मिळत नाहीत. 'नो कॉपी' लावून भागत नाही; ते डुप्लिकेट करताना चालतं, दुरुस्तीत नाही. म्हणून खूणच ठेवू नका. युनिक की असताना तिची गरज नाही.

इंपोर्टच्या एसएमएसचं कारण सरळ आहे. डेटा इंपोर्टमधून सबमिट झालेल्या नोटेलाही हुक लागतं, आणि इंपोर्टमधली 'डोन्ट सेंड ईमेल्स'ची खूण काढलेली असेल तर नवीन भेटीला लावलेलं नोटिफिकेशन प्रत्येक इन्सर्टला उडतं. इंपोर्ट चालू असताना फ्रॅपे 'इन इंपोर्ट' हा फ्लॅग लावतं. तो पाहून सगळंच गाळू नका, कारण वर्षाच्या आतल्या मशिनांच्या उरलेल्या भेटी तुम्हाला हव्या आहेत. फ्लॅग असेल तर हुकमधून परत फिरा, इंपोर्ट झाल्यावर कन्सोलमधून तेच फंक्शन चालवा आणि आजच्या आधीच्या तारखेच्या भेटी गाळा. एसएमएस भेट तयार होताना पाठवूच नका. देय तारखेच्या चार दिवस आधी पाठवणारं नोटिफिकेशन तारखेवर लावता येतं, आणि ग्राहकालाही नऊ महिने आधीचा संदेश उपयोगाचा नसतो.

तपासताना

ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉगिन करून तपासू नका; त्याला परवानग्या लागतच नाहीत, म्हणून सगळं चालताना दिसतं. गोडाऊनचा रोल असलेला एक टेस्ट युजर करा. त्याच्याकडून या नोटा काढा: एक मशिन, तीन मशिनं आणि एक तेलाचा डबा, बंडल, सिरियल नंबरवाली, ड्राफ्ट तीनदा सेव्ह करून सबमिट केलेली, ३१ ऑगस्टची, परतावा, रद्द करून दुरुस्त केलेली. प्रत्येकीनंतर भेटींची यादी नोटेच्या नावाने गाळून मोजा. मग कन्सोलमधून 'भेटी तयार करा' फंक्शन त्याच नोटेवर दुसऱ्यांदा चालवा आणि संख्या बदलली नाही हे पाहा. कन्सोलमध्ये कमिट केल्याशिवाय काही पक्कं होत नाही, त्यामुळे टेस्ट साइटवर तिथे बिनधास्त खेळता येतं. मात्र 'एन्क्यू आफ्टर कमिट'वाला जॉबही कमिटशिवाय सुटत नाही, तेव्हा रांगेचा रस्ता ब्राउझरमधूनच तपासा.

सध्याच्या बारा-बारा नोंदींची सफाई शेवटी नको, सगळ्यात आधी करा. प्रत्येक ओळ आणि भेट क्रमांकाच्या गटातली पूर्ण झालेली भेट ठेवा. तशी नसेल तर सर्वात आधी तयार झालेली. बाकीच्या काढा, उरलेल्यांत युनिक की भरा, मग फील्डला युनिक खूण करून मायग्रेट चालवा. हे ॲपच्या पॅचमध्ये लिहिलंत तर टेस्ट साइटवर आधी आणि प्रॉडक्शनवर नंतर तोच कोड चालेल. त्याआधी 'बेंच बॅकअप' घ्या.